माधवअण्णांच्या खिडक्या

माधवअण्णा कुठलीही इमारत बघताना आधी खिडक्या मोजायचे. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी पुण्याहून बंगळूरला, जे. पी. नगरमधल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरीला आले. पहिल्याच दिवशी तिथल्या अण्णांनी विचारलं, "तुझ्या पुण्याच्या घराला रस्त्याकडून किती खिडक्या?" मला सांगता येईना. "राहतेस आणि बघत नाहीस," ते म्हणाले.

ते तिथे नकाशे काढत. पिढ्यान्पिढ्या इकडेच राहिलेलं मराठी घराणं. कानडी 'स्वल्प' आणि 'सरी', म्हणजे 'जरा' आणि 'बरं', यांशिवाय त्यांचं बोलणं पुरं होत नसे. जेवणाच्या सुट्टीत ते कॉम्प्युटरवर शहर वसवण्याचा एक खेळ उघडत. त्यात स्वतः काढलेल्या इमारतीही घालता येत. बनशंकरीतली आपली अख्खी गल्ली अण्णा ठिपक्याठिपक्यानं उतरवत होते. प्रत्येक घराची दोन चित्रं: एक दिवसाचं, दुसरं सगळं काळं, फक्त खिडक्या पिवळ्या. त्या खेळात रात्र नव्हतीच. पण पुढच्या आवृत्तीत रात्र होणार, दिवे लागणार, असं त्यांनी मासिकात वाचलं होतं. "तेव्हा आपलं काम तयार पाहिजे," ते म्हणत.

एवढ्या घाईचं कारण मला उशिरा कळलं. त्यांना काचबिंदू होता. नजर कडेकडेनं विझत चालली होती आणि गेलेली परत येणार नव्हती. ऑफिसात त्यांनी हे लपवलं होतं. मग एका नकाशात कडेचा खांब काढायचा राहिला. साहेबांनी आत बोलावलं. बाहेर येऊन अण्णांनी टेबल आवरलं. "त्यांचं बरोबर आहे, सुनीता. खांब सुटला तर माणसं मरतात."

त्यानंतर मी दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊ लागले. ते सांगत, त्यांच्या कॉम्प्युटरवर मी रंगवत असे. "डावीकडून तिसरी पिवळी कर. तिथे मास्तर वाचत बसतात." एके दिवशी त्यांचंच घर आलं.

"याची कुठली खिडकी, अण्णा?"

"सगळं काळंच ठेव. मला आता दिवा कशाला?"

त्यांची थोरली बहीण, सरूअक्का, आतून म्हणाली, "मी राहते की या घरात."

अण्णा म्हणाले, "सरी. स्वयंपाकघराची लाव."

नवा खेळ आला तोवर त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी तो माझ्या कॉम्प्युटरवर घातला. त्यात दिवे होते, पण आमची एकही इमारत त्यानं घेतली नाही. बनवणाऱ्यांनी आतली रचनाच बदलली होती. मी अण्णांना खरं तेच सांगितलं.

ते माझ्या आवाजाकडे वळले. मग म्हणाले, "रात्र कशी आहे त्यात?"

"आधी रस्त्यावरचे दिवे लागतात. मग खिडक्या. एकेक."

"एकेकच लागायला हव्यात." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "आता येत जाऊ नकोस. तू आलीस की मी परत बघायला लागतो. मग तू उठून जातेस."

मला वाईट वाटलं, रागही आला. मी जाणं बंद केलं.

चार महिन्यांनी ऑफिसात सरूअक्काचा फोन आला. सकाळी कॉफी घेतली आणि बसल्या जागी अण्णा गेले होते.

तेराव्याला मी गेले तेव्हा तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "दर रविवारी दार उघडं ठेवायला लावत होता," ती म्हणाली. "तू त्याचं ऐकशील, असं वाटलंच नव्हतं त्याला."