अठरा कॅरेटची भेसळ

साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून मी आयुष्यभर उसाच्या रसाची शुद्धता तपासली आणि त्या सगळ्या काळात माझ्या मनगटावर सेलवर चालणारं, प्लास्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आता एक खरं घड्याळ घ्यायचं. खरं म्हणजे स्विस, आत सेल नसलेलं, हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा कुणाचं तरी वापरलेलं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं की गणपतीची वर्गणी वाढते.

बायको म्हणाली, "येळ बघायला मोबाईल हाय की. आन आता तुमाला येळंवर जायचं कुठं हाय?" दोन्ही मुद्दे बिनतोड होते, म्हणून मी तिच्याकडं आणखी एक कप चहा मागितला.

असल्या घड्याळांत नकली माल फार, असं जो तो सांगत होता. म्हणून मी मोबाईलवर अभ्यास सुरू केला. सेकंदाचा काटा उड्या मारतो की सरकत जातो, तारखेवरचं भिंग आकडा किती मोठा दाखवतं, नंबर कुठं कोरलेला असतो, पट्ट्याच्या आत सोन्याचा शिक्का कसा असतो, हे सगळं मला पाठ झालं. लग्नाकार्यात मी माणसाच्या तोंडाकडं न बघता मनगटाकडं बघून नमस्कार करू लागलो. एका नवरदेवाच्या मामाचं घड्याळ नकली आहे हे मी पंगतीत बसल्या बसल्या ओळखलं होतं. बायकोनं मला ते बोलू दिलं नाही, याचं दुःख अजून आहे.

शेवटी कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्यानं ठिकाण सांगितलं. पाटणजवळच्या एका गावात एक निवृत्त सुभेदार होते. मुलगा जहाजावर नोकरीला. त्यानं परदेशात घेऊन वडिलांना दिलेलं घड्याळ त्यांना विकायचं होतं. अर्धं स्टील, अर्धं सोनं, आणि नेमकं मला हवं तेच. मी गाडीत डिझेल भरलं आणि तेवढ्यात अक्काचा फोन आला.

अक्का माझी थोरली बहीण, आटपाडीकडं दिलेली. तिकडच्या कितीतरी घरांसारखा तिच्या घरातही गलाईचा धंदा, म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं काम. दाजींनी तिकडं तमिळ मुलखात भट्टीपुढं उमर घालवली आणि आता दुकान पुतण्याच्या हवाली करून ते गावी परतले होते. तिकडं बाजारपेठेतली माणसं त्यांना विचारल्याशिवाय सोन्याला हात लावत नसत. इकडं त्यांना कुणी काही विचारीना.

अक्का म्हणाली, "आदी पुतण्या रोज फोन करून इचारायचा. आता त्येबी बंद झालंय. दिसभर कट्ट्यावर बसून ऱ्हात्यात, धड जेवत न्हाईत. तू घड्याळ बघायला निगालायस न्हवं, मग त्यास्नी घेऊन जा. सोन्याचं काम हाय, तुमीच बघा म्हण. आन ध्यानात ठेव, त्यंचा शबूद मोडू नगंस. तेवढाच ऱ्हायलाय त्यंच्याजवळ."

मी बरं म्हणालो. अक्काला नाही म्हणायची सवय मला लहानपणी लागली नाही, कारण तिचा हात जड होता.

विट्याच्या स्टँडवर दाजी उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, काखेत रेक्झिनची छोटी पिशवी. पिशवीत कसोटीचा काळा दगड आणि तेजाबाची बाटली. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "काटं बिटं तू बघ. सोनं माझ्याकडं सोड." कराड येईपर्यंत त्यांनी सोन्यातल्या लबाडीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की मला माझ्या लग्नातल्या अंगठीचा संशय यायला लागला.

सुभेदार अंगणातच उभे होते, ताठ, जणू आम्ही पाहणीला आलेले साहेब. त्यांच्या पत्नीनं घड्याळाची मूळ पेटी आणली. आत मखमल, आणि मखमलीवर सुया, बटणं आणि दोऱ्याची रिळं. ती सगळी काढून त्यांनी बाजूला ठेवली, पण घड्याळ काही त्यात नव्हतं. ते आतून पोह्यांच्या डब्यातून आलं. "चोर पोह्यात हात घालत न्हाई," त्या म्हणाल्या.

सुभेदार म्हणाले, "आदीच सांगतो, ह्यात डिफेक्ट हाय. दोन-तीन दिस हातात घातलं न्हाई तर बंद पडतंय. पोरगं म्हणतंय त्ये असंच असतंय. आवं, आसं कसं? शिपाई रजेवर गेला म्हणून काय त्येची बंदूक बंद पडती व्हय? आन हे घालून उसाला पाणी पाजाय जायचं म्हंजे मलाच कसंतरी वाटतंय."

मी घड्याळ हातात घेतलं आणि मला खरोखर घाम फुटला. काटा तुपासारखा सरकत होता. भिंगाखाली तारीख टपोरी. नंबर जिथं असायला हवा तिथं, बारीक आणि स्वच्छ. पट्टा उघडला, खिशातलं भिंग लावलं, तर आत शिक्का होता, साडेसातशेचा. म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, म्हणजेच अठरा कॅरेट. ती कंपनी सोनं अठराचंच वापरते, रोजच्या वापरात झिजू नये म्हणून. शिक्का बघितला आणि मी मनातल्या मनात ते घड्याळ घालून आमच्या गल्लीतून दोन फेऱ्या मारून आलो.

मग दाजींनी पिशवी उघडली. सुभेदारांना त्यांनी रीतसर विचारलं. सुभेदार म्हणाले, "घासा की. माल खरा असल्यावर भ्यायचं काय?" पट्ट्याची आतली कड दाजींनी दगडावर हलकेच ओढली, शेजारी आपल्या अंगठीची रेघ ओढली, तेजाबाचा थेंब सोडला आणि वाट बघत राहिले. अंगणात कोंबडीसुद्धा चालेना.

"भेसळ हाय," दाजी म्हणाले. "अठरा निगतंय."

सुभेदार म्हणाले, "म्हंजे?"

"म्हंजे डुप्लिकेट. एवढी नावाजलेली कंपनी, एवढी किंमत घेणार, आन सोनं घालणार अठरा? आवं, चोवीस घाललं आसतं. गेलाबाजार बावीस. आमच्या गावचा सोनार सुदिक अठरा घालायला लाजंल."

"माझ्या पोरानं दिलंय त्ये."

"पोराला कुणीतरी फसवलं आसंल. त्येची काय चूक न्हाई."

दगडानं अगदी खरं सांगितलं होतं आणि दाजींनी ते उलटं वाचलं होतं. जन्मभर चोवीसच्या मागं लागलेल्या माणसाला अठरा म्हणजे लबाडीच वाटणार. मी सांगायला तोंड उघडलं. पण दाजी असे बसले होते, की गावी परतल्यापासून मी त्यांना तसं बघितलंच नव्हतं. मान वर, डोळ्यांत चमक, दगड पुसताना बोटं झपझप चाललेली. अक्काचं बोलणं आठवलं आणि मी तोंड मिटलं. चहा प्यायलो. सुभेदारांच्या पत्नीनं घड्याळ परत पोह्यांत ठेवलं. मला रडायचंच काय ते बाकी होतं.

परतताना दाजींनी कराडला दोन प्लेट भजी आणि एक मिसळ खाल्ली. मला घास उतरेना. "वाचलास गड्या," ते म्हणाले. "न्हाई तर चांगलाच मुंडला असतास."

त्यानंतर अक्काचे फोन आनंदाचे येऊ लागले. दाजी जेवू लागले. घड्याळाची गोष्ट गावभर झाली आणि लोक त्यांच्याकडं नथी, जोडवी, पूजेची भांडी, असं काहीबाही पारखायला आणू लागले. एकानं तर मोबाईल आणला. गोष्टही वाढत गेली. त्यात सुभेदार नाहीसे होऊन एक व्यापारी आला, मग त्या व्यापाऱ्याची टोळी झाली. जिथं जाईन तिथं मला साक्षीला उभं करत. "इचारा ह्याला," दाजी म्हणायचे आणि मी माझ्या प्लास्टिकच्या पट्ट्याकडं बघत म्हणायचो, "व्हय, दाजींमुळं वाचलो." मनातून जळफळाट होत होता. आमची बायको तेवढी खूश होती.

मग त्यांच्या गावची जत्रा आली. देशभर पांगलेले गलाईवाले जत्रेला गावी येतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी सांगलीत माझ्या दारात उभे. इस्त्री नाही, तेल नाही.

"काल दिल्लीचा एक गलाईवाला भेटला," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "हातात तसलंच घड्याळ. मी घासलं. अठरा निगालं. म्हणलं, फसलास लेका. तर त्यानं मोबाईलवर बिल दावलं. कंपनीनं आपल्या हातानं लिवलंय, अठरा."

"आसं व्हय?" मी म्हणालो.

"सोंग करू नगंस. त्या पट्ट्यात शिक्का हुता आन तू भिंग लावून बघत हुतास. तुला ठावं हुतं का न्हवतं?"

"हुतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"अक्का म्हणली हुती, तुमचा शबूद मोडायचा न्हाई."

बायको चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

"गाडी काढ," दाजी म्हणाले.

सुभेदारांनी आम्हाला ओळखलं, पण बसा म्हटलं नाही. त्या घड्याळासाठी आणखी गिऱ्हाइकं येऊन गेली होती. आलेल्या प्रत्येकाला सुभेदारांनी आपण होऊन सांगितलं होतं की, एक जाणकार माणूस यात भेसळ आहे म्हणून गेला आहे. "न सांगता दिलं तर ती लबाडी झाली," ते म्हणाले. "समदी माघारी गेली. त्येचं काय न्हाई. पर मी पोराला फोनवर इचारून बसलो, तुला कुणी फसवलं का रं म्हणून. तवापासनं पोरगं धड बोलत न्हाई. म्हणतंय, दोन वरसं साठवून तुमच्यासाटी घेतलं, आन तुमी कुणाचं तरी ऐकून मलाच इचारताय."

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. दाजींनी चपला काढल्या आणि अनवाणी पुढं गेले.

"सुभेदार, सोनं बरोबर हाय. अठराच पायजे. चूक माझी हाय. पोराला फोन लावा."

मुलगा तेव्हा मुंबईला बंदरात होता, त्यानं लगेच उचलला. दाजींनी फोन कानाला घट्ट धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "बाळा, मी गलाईवाला. सोन्यात जलम काढला, पर घड्याळात मी अडाणी हाय. तुजं घड्याळ खरं हाय. तुजा बाप बी खरा हाय, म्हणून त्यानं माझं ऐकलं. राग धरायचा तर माझ्यावर धर." मग फोन सुभेदारांकडं दिला. सुभेदार पाठमोरे झाले आणि गोठ्याच्या दिशेनं चालत गेले. परत आले तेव्हा त्यांनी पत्नीला पोह्यांचा डबा आणायला सांगितलं, घड्याळ काढलं, फुंकर मारून मनगटावर चढवलं.

"आता इकायचं न्हाई," ते मला म्हणाले. "पाणी पाजताना बी घालणार."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दोनदा पाटणला गेलो आणि दोनदा मोकळ्या हातानं आलो. पण खरं सांगतो, त्या मनगटावर ते शोभत होतं आणि मला तेही आवडलं नाही.

परतताना कराडच्या अलीकडं दाजी म्हणाले, "तुझं घड्याळ गेलं."

"गेलं."

"त्येचं वाईट वाटतंय. पर दुसरं लय वाईट वाटतंय. तिकडं दुकानात मी चुकलो की नोकर बी तोंडावर सांगायची. तू गप बसलास. तुझी अक्का सांगती आन तू ऐकतोस. दोगांनी मिळून मला म्हातारा केलासा." त्यांनी खिडकीची काच खाली केली. "पुन्यांदा चुकलो तर तिथल्या तिथं सांगायचं. चारचौघांत सांगायचं."

मी मान डोलावली. पुढं हायवे आला तसे दाजी सावरून बसले आणि हात करून म्हणाले, "हितनं डावीकडं घे."

"दाजी, चुकलात. डावीकडं सातारा. आपल्याला विट्याला जायचंय."

ते माझ्याकडं रोखून बघत राहिले.

"लगीच सुरू झालास व्हय रं," म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून हसायला लागले.