फुल्ल कर म्हणावं तर कोणाला?

आमच्या ह्यांनी आयुष्यभर शाळेची व्हॅन चालवली. पोरांचे व्हॅनकाका ते पोरांच्या आईबापांचेही व्हॅनकाकाच झाले. कोणाला वळणावर मळमळतं, कोण डबा गाडीत विसरतं, सगळं तोंडपाठ. पण रस्ता कधी कोणाला विचारला नाही. चुकले तरी म्हणायचे, "जरा वळसा घेतला."

आज परक्या देशात भाड्याच्या गाडीतून आम्ही वन्संकडे निघालो होतो. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, ह्यांची छोटी; इथे एकट्याच असतात. गुडघे गेले, जिना झेपेना, म्हणून आज दुपारी त्यांना वृद्धाश्रमात जायचं होतं. न्यायला आश्रमाची गाडी येणार होती, पण फोनवर त्यांचा एकच धोशा, "दादा, त्या गाडीतून मी जायची नाही. तू ने." ह्यांनी शब्द दिला होता.

वाटेत काटा खाली आला. पंपावर गाडी उभी केली, काच खाली केली आणि हे बसूनच राहिले.

"कोणाची वाट बघताय?"

"पंपावरचा पोरगा येईल ना."

कोणी येईना. शेजारच्या गाडीतली बाई आपणच उतरली, नळी लावली, भरून निघूनही गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं गाडी हाकली, पण ह्यांनी नळीला कधी हातच लावला नव्हता. आमच्या पंपावरचा माणूस व्हॅन लांबून ओळखायचा. हे नुसतं "फुल्ल कर" म्हणायचे.

उतरलो. एक नळी हिरवी, एक काळी. मी काळीवरची अक्षरं जुळवत वाचली. गॅस... ऑइल.

"अहो, ह्यात घासलेट आहे वाटतं."

"गाडी आहे ती, स्टो नव्हे."

"मग तुम्ही वाचा."

त्यांनी दोन्हीकडे वाचलं. "इथे गॅसोलीन, तिथे गॅसऑइल. म्हणजे दोन्हीकडे गॅसच. सिलिंडर आहे की काय हिच्यात?"

"चावी देणारा काय म्हणाला होता?"

"बरंच काही म्हणाला. मी मान हलवली."

टाकीच्या झाकणाआड तिथल्या भाषेत एक लांबलचक वाक्य होतं आणि शेवटी उद्गारचिन्ह.

"काहीतरी करू नका, असं लिहिलंय," हे म्हणाले.

"काय करू नका?"

"तेच तर कळत नाही!" त्यांनी कपाळाला हात लावला. "चुकीचं पडलं तर इंजिन बसेल गं. मग छोटी आश्रमाच्याच गाडीतून जाईल."

"देवाचं नाव घ्या आणि काळी उचला."

"देवाला कळतं का, ह्या गाडीला काय लागतं ते?"

"त्याला कळतं. तुम्हाला कळत नाही. आत जाऊन विचारा."

विचारा म्हटल्यावर चेहरा पडला. पण गेले. काउंटरवरच्या बाईला आमची भाषा येईना, आम्हाला तिची. शेवटी हे रांगेतल्या लोकांसमोर तोंडानेच व्हॅनचा आवाज काढू लागले, "धडधडधडधड?" मग मोटारीचा, "सुंईऽऽ?" मी देवाचं नाव घेत जमिनीकडे बघत राहिले. बाई हसू दाबत बाहेर आली, झाकणाआड डोकावली.

"गॅसऑइल."

"गॅस?"

"गॅसऑइल."

"ऑइल?"

"गॅसऑइल!" तिने काळी नळी ह्यांच्या हातात कोंबली. भरताना घाबरून ह्यांनी थोडं हातावरही सांडलं.

पुढे वाटभर हेच. "अगं, आवाज बदलला का?"

"रस्ता बदललाय."

"वास येतोय."

"तुमच्याच हातांना येतोय." दर वेळी माझा जप तुटायचा आणि पहिल्यापासून धरावा लागायचा.

पोचलो तेव्हा आश्रमाची गाडी दाराशी उभी होती, दोघं जण समजावत होते आणि वन्सं उंबऱ्यात खुर्ची टाकून मख्ख बसल्या होत्या. ह्यांनी वाकून त्यांचा हात धरला. वन्संनी नाक मुरडलं.

"दादा, डिझेलात हात बुडवून आलास का?"

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"डिझेल होतं होय ते?"

आश्रमाची गाडी रिकामीच गेली. वन्संना पुढे बसवलं, मी बोचक्यांबरोबर मागे. पहिला चौक आला तसा ह्यांनी वेग कमी केला.

"छोटे, इथून डावीकडे की उजवीकडे?"

"मला काय विचारतोस? मीही पहिल्यांदाच चाललेय."