आत्याचा अनंत, चौथा मजला

आमच्या घरात माणसं चार आणि झाड एक, पण किस्से सगळे झाडाचेच! एक सांगून संपवावा तर दुसरा तयार. आता हसतो हो. तेव्हा घशाखाली घास उतरत नव्हता.

आत्या चामराजपुरमला भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. न्हाणीत दोनदा पडली. मी हातापाया पडलो, तेव्हा आमच्या हूटगळ्ळीच्या फ्लॅटमध्ये यायला तयार झाली, पण अट घालून. "माझा अनंत पण येणार. तो तिथं फुलला तर राहीन. नाही फुलला तर मी चालले परत!" वर तिथल्या घरमालकीणबाईंचा रोज कन्नडमधून फोन, "खोली रिकामीच आहे हं, बन्नी बन्नी, या परत!"

* * *

बाल्कनीत कारखान्याची धूळ. म्हणून कुंडी हॉलमध्ये, खिडकीपाशी. झाडाला वारा बाधतो म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद!

माझे साहेब घरी आले. घाम पुसत म्हणाले, "करंट गेलाय का?"

"हो ना सर!" मी म्हटलं. समोर टीव्ही चालू.

* * *

मग पानं पिवळी पडायला लागली. आत्या उठायच्या आत मी ती तोडून खिशात कोंबायचो. एकदा मीटिंगमध्ये पेन काढायला गेलो आणि टेबलावर हा पसारा! साहेब हळूच म्हणाले, "कुठल्या वैद्याचं औषध आहे? मलाही शुगर आहे."

* * *

आत्याचं बीपी बघायला डॉक्टर आले. माझी बायको सुधा दारातच रडवेली, "डॉक्टर, कालपासून मान टाकलीय हो!"

"पेशंट कुठाय?"

"खिडकीत!"

चौथा मजला! डॉक्टर बूट न काढता धावले.

* * *

शेवटी एक कळी धरली. एकच! आत्या तिला रोज कन्नडमध्ये लाडीगोडी लावायची, "बारम्मा, ये गं बाई."

एका शुक्रवारी आत्या देवळात गेली होती. बघतो तर कळी खाली पडलेली. आत्या परत एकटी राहिली आणि परत पडली तर? कुणाला काही न बोलता कळी उचलली, स्कूटर काढली, देवराज मोहल्ल्याच्या फुलबाजारातून अनंताचं फूल आणलं आणि दोऱ्याने फांदीला बांधलं.

आत्या आली. चष्मा लावून झाडापाशी बसली.

"फुललं की रे! अनंतच आहे." तिने कुंडी जरा फिरवली. "आणि ही तगर."

मी सुधाकडे बघितलं. सुधा जमिनीकडे बघत होती.

आत्याने कुंडी आणखी फिरवली. "अय्यो, हा मोगरा! हेअरपिन लावून!"

आमची कॉलेजातली लेक अनू ओढणीचं टोक चावत उभी.

आत्या उठली, तडक फोनपाशी गेली. तिने घरमालकीणबाईंचा नंबर लावला.

"खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका हो," ती ओरडून म्हणाली. "आमचं झाड फुललंय!"