पाकिटावर लिहिलेला अर्ज

आपली फजिती दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच सांगून टाकावी, म्हणजे निदान मीठमसाला तरी आपल्या हातचा लागतो. चहा येतोय तोवर ऐका. नोकरीसाठी मी आयुष्यात एकदाच कव्हर लेटर लिहिलं. पुन्हा का लिहिलं नाही, तेच सांगतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी कुरुंदवाडातच एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. मालकांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. पन्नाशीचा माणूस, कपाळाला विभूती, घरात कानडी, वर्कशॉपात मराठी आणि चिडले की दोन्ही एकदम. आम्ही पंपाचे सुटे भाग करायचो. काम चांगलं होतं, पण माझ्या बरोबरीची पोरं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत युनिफॉर्म घालून जायला लागली होती, आणि मी अजून आण्णांच्या जुन्या लेथवर.

एक दिवस पेपरात जाहिरात आली. कागलच्या एका कारखान्याला सुपरवायझर हवा होता. खाली लिहिलं होतं, ‘बायोडेटा कव्हर लेटरसह पोस्टाने पाठवावा.’

बायोडेटा मला माहीत होता. कव्हर लेटर कधी ऐकलं नव्हतं. आता कुणाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण आमच्या गल्लीतला एकुलता एक डिप्लोमावाला मी. मला लोक विचारायचे. मी कुणाला विचारू?

मग मीच डोकं लावलं. आमच्या घरात पोस्टाच्या पाकिटाला कव्हरच म्हणायचे. लेटर म्हणजे पत्र. म्हणजे कव्हरवर लिहायचं पत्र. मला तर ती कल्पना फार पटली. साहेबाकडं शेकड्यानं पाकिटं येणार, तो सगळी फोडत कशाला बसेल? माणूस कसला आहे ते बाहेरूनच कळलं पाहिजे.

काय लिहायचं ते वाचनालयातल्या एका अर्जांच्या पुस्तकात सापडलं. ‘सध्याची नोकरी का सोडायची आहे, ते प्रांजळपणे लिहावे.’ मी प्रांजळ झालो. मोठं खाकी पाकीट घेतलं. पुढं पत्ता, पत्त्याच्या चारी बाजूंनी माझे गुण, आणि मागच्या पूर्ण बाजूवर सध्याची नोकरी. माझं नाव-पत्ता, मालकांचं नाव, गाव, सगळं. ‘मालक स्वभावाने चांगले आहेत, परंतु ड्रॉइंग उलटे धरून वाचतात. त्यांचा हात लागला की चालू मशीन बंद पडते. अशा ठिकाणी माझ्या गुणांचे चीज होणे अशक्य आहे.’ पावसाचे दिवस होते, शाई पसरू नये म्हणून वरून मेणबत्तीही घासली. अक्षर असं लखलखत होतं की लग्नपत्रिकेचं पाकीट वाटावं.

पोस्टातल्या क्लार्कनं ते हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“पावणं, तिकीट कुठं लावू?”

“लावा की कुठंतरी.”

“जागाच न्हाय. हितं ‘प्रामाणिक’ लिवलंय, त्याच्यावर लावू काय?”

“त्याच्यावर नको. ‘कष्टाळू’वर लावा.”

त्यानं लावलं. मग मागची बाजू वाचायला घेतली. मनातल्या मनात नव्हे. रांगेत सात-आठजण होते, ते पुढं सरकले. ड्रॉइंगच्या ओळीवर एकजण म्हणाला, “हे खरं हाय की ओ.” मला वाटलं, चला, पत्र वजनदार झालंय.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात गेलो, तर आण्णा स्टुलावर बसलेले.

“कागलला निघालास म्हणं.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाय सांगितलं ते इचार.” त्यांनी फडक्याला हात पुसले. “मी ड्रॉइंग उलटं धरतोय?”

“दोनदा धरलं होतं, आण्णा.”

“एकदा. दुसऱ्यांदा छापणाऱ्यानंच उलटं छापलंतं.”

एवढं बोलून ते उठले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी एकाही मशीनला हात लावला नाही. लेथजवळ यायचे, हात मागं बांधायचे आणि लांबूनच बघायचे. मला घास गोड लागेना.

आणि अशात कागलहून पत्र आलं. ‘बुधवारी अकरा वाजता समक्ष येऊन भेटावे.’ मी ते आण्णांच्या पुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं.

“बुधवारी मला बी तिकडं बेअरिंग आणाय जायचं हाय. मागं बस गाडीवर.”

बेअरिंग जवळच्या जयसिंगपुरातही मिळतं, हे मला माहीत होतं. तरी बुधवारी त्यांच्या मागं गाडीवर बसलो.

कारखान्याच्या ऑफिसात एक मॅडम होत्या. टेबलावर माझं पाकीट. मी नाव सांगितल्याबरोबर शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून उभे राहिले. दारातून आणखी एकजण डोकावून गेला. मी मनात म्हटलं, बघा, बाहेरून लिहिण्याचा फायदा.

“हे तुम्हीच लिहिलं?” मॅडमनी विचारलं.

“हो. कव्हर लेटर.”

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग शांतपणे सांगितलं की कव्हर लेटर म्हणजे बायोडेटाच्या वर जोडायचा साधा कागद, तो पाकिटाच्या आत घालतात.

“ते जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला बोलावलं ते वेगळ्या कामासाठी. आत काय पाठवलं होतं?”

“बायोडेटा.”

“पाकीट रिकामं होतं. आम्हाला वाटलं, आमच्याकडून हरवला. सगळं ऑफिस दोन दिवस कागदांचे ढीग उपसत होतं.”

तेव्हा आठवलं. लिहिताना पाकिटावर पेन नीट चालावं म्हणून बायोडेटा मी बाहेर काढला होता आणि पेटीत ठेवला होता. तो अजून तिथंच होता.

सुपरवायझरची जागा माझ्या हातून गेली होती. साहेब म्हणे म्हणाले होते, पाकीट रिकामंच आलं असेल तर हा माणूस रिकामी खोकी सीलबंद करून गिऱ्हाइकाला पाठवेल. मी माझं पाकीट उचललं आणि बाहेर आलो.

गेटपाशी आण्णा गाडीला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, तोंड उघडून आत बघितलं आणि परत दिलं.

“म्हंजे माझी अब्रू तेवढी कागलपातूर आली,” ते म्हणाले, “आणि तुझी हुशारी घरात ऱ्हायली व्हय? बस मागं.”