रविवारची ओळ

सरकारी जीपच्या लॉगबुकात दिवसाला एक ओळ असते. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, मीटरचा आकडा, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, चालकाची सही, साहेबांची सही. व्यंकटने एकोणतीस वर्षांत अशा आठ-नऊ हजार ओळी लिहिल्या असतील. त्यातल्या एकीत चालकाच्या सहीचा रकाना रिकामा राहिला, आणि नोकरीचे शेवटचे दोन महिने त्या रिकाम्या चौकोनाने खाल्ले.

व्यंकटचा जन्म एक जूनचा. खरा कधीचा, ते त्याच्या आईलाही सांगता आलं नव्हतं. सास्तूरच्या शाळेत नावं घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला एक जून देऊन टाकला होता. जिल्ह्यातल्या कित्येक शाळांत हेच झालं, म्हणून ३१ मेला कार्यालयंच्या कार्यालयं रिकामी होतात आणि बाजारात शाली महागतात. यंदा व्यंकटची पाळी होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर तो रोजंदारीने ट्रक चालवायला लागला, दीड-दोन वर्षांनी बांधकाम खात्यात कायम झाला. त्यामुळे त्याला जुनी पेन्शन. शेवटच्या पगाराच्या निम्मी, मरेपर्यंत, आणि त्याच्यामागे बायकोला, पुतळाबाईला, तिच्या वाट्याची. श्रावस्ती ही मुलगी, जिल्ह्याच्या गावी कंत्राटी परिचारिका होती. तिच्या पगाराच्या कागदावर पेन्शन हा शब्दच नव्हता. घरात भरवशाचं म्हणावं असं हे एकच यायचं होतं.

तालुक्याच्या गावातल्या त्या कार्यालयात जीप एक आणि चालक दोन. दुसरा बजरंग, जळकोटचा, वय चव्वेचाळीस. तो एजन्सीमार्फत कंत्राटावर होता, अकरा वर्षांपासून. गाडी तीच, रस्ते तेच, साहेब तेच. व्यंकटला जादा तासांचा अतिकालिक भत्ता मिळे. बजरंगला महिन्याच्या ठरलेल्या पैशांपलीकडे काही नाही. लॉगबुक मात्र दोघांचंही व्यंकटच लिही, कारण कंत्राटी माणसाच्या हाती सरकारी वही द्यायची नाही असा दंडक होता. दिवसाच्या दिवशी कोणी लिहीत नसे. महिनाअखेरीला व्यंकट बसून सगळ्या ओळी भरी, ज्याने त्याने आपापल्या ओळीपुढे सही करायची, आणि मग कृष्णराज साहेब एका दमात तीस सह्या ठोकत.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी व्यंकट साहेबांच्या घरच्यांना घेऊन सोलापूरला लग्नाला गेला होता. सकाळी आठला निघाला, रात्री अकराला परतला. पंधरा तास. लॉगबुकात त्याने लिहिलं, ‘सास्तूर व जळकोट, कामाची पाहणी’. हे तो नेहमीच करी. कुठला तरी दौरा दाखवायचा म्हटला की त्याच्या हातून आपसूक स्वतःचं गाव उमटे, तिकडची अंतरं त्याला तोंडपाठ होती. किलोमीटर कमी पडले तर जळकोट जोडायचं. आकडा चोख जुळला. भत्त्याच्या बिलातही पंधरा तास लावले. ते तास खरेच होते, तेवढे तो स्टिअरिंगमागे बसला होता. महिनाअखेरीला ओळी भरून तो सह्या करत होता, तेवढ्यात त्याला ताप आला, पुढचे चार दिवस रजेत गेले, आणि त्या एका ओळीपुढची सही राहून गेली. साहेबांची सही झाली होती.

मार्चच्या शेवटी आस्थापना शाखेच्या शिवानंदने त्याला टेबलाशी बोलावलं. कार्यालयातल्या सगळ्यांच्या सेवापुस्तिका शिवानंदच्या कपाटात असत. व्यंकटचीही तिथेच होती, नागपूरला महालेखापालांकडे पेन्शनची केस जायची म्हणून वर काढून ठेवलेली.

“काका, बसा,” शिवानंद म्हणाला. एरवी तो बसा म्हणत नसे. “माहिती अधिकारात अर्ज आलाय. फेब्रुवारीचं लॉगबुक आणि अतिकालिकची बिलं, झेरॉक्स पाहिजे म्हणतोय. सोबत फोटो जोडलाय.”

फोटोत लग्नाचं कार्यालय होतं, विजेच्या माळा होत्या, आणि माळांखाली जीप. नंबर स्वच्छ वाचता येत होता. जीपच्या दारापाशी पांढऱ्या शर्टातला एक माणूस पाठमोरा उभा राहून चहा पीत होता.

“ही पाठ कुणाची हाय, अर्जदारानं विचारलं न्हाय अजून,” शिवानंद म्हणाला.

व्यंकटला आपली पाठ अशी कधी बघायला मिळाली नव्हती. ती किती वाकली आहे, हे त्याला त्या क्षणीसुद्धा दिसलं.

त्या कार्यालयात चौकशी म्हटलं की सगळ्यांना हिंमतराव आठवत. हिंमतराव भांडारपाल होते. निवृत्तीला बारा दिवस उरले असताना सिमेंटच्या पोत्यांवरून त्यांची विभागीय चौकशी लागली. एकदा चौकशी लागली की पेन्शन तात्पुरती होते, ग्रॅच्युइटी अडकते, आणि पुढे वर्षं मोजायची नसतात. सुनावणीला जिल्ह्याला जाताना ते पुष्कळदा व्यंकटच्याच जीपमधून मागे बसून येत. मांडीवर कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. पहिल्या वर्षी ते वाटेत बोलत, दुसऱ्या वर्षी फक्त पिशवीतले कागद पुन्हा लावत. नवव्या वर्षी वारले. निकाल लागला तेव्हा निर्दोष सुटल्याचा कागद बायकोच्या नावाने आला.

शिवानंदने फोटो फायलीत घातला. “तुमच्या केसला साहेबांचं प्रमाणपत्र लागतंय, चौकशी चालू न्हाय म्हणून. ते झालं की केस मी त्याच दिवशी पाठवतो. तेवढं बघा.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आत बोलावलं. कृष्णराज साहेब पस्तिशीचे, मऊ बोलणारे. व्यंकटला ते नेहमी ‘व्यंकटराव’ म्हणत, आणि त्या दिवशी ते दोनदा म्हणाले.

“व्यंकटराव, तुमची केस माझ्याच टेबलावर आहे. मला सही करायचीच आहे, व्यंकटराव. फक्त त्या ओळीचं काय ते बघून घ्या. चालकाची सही नाही ना तिथं?”

“न्हाय साहेब. राहिली.”

“राहिली ते बरंच झालं. भत्त्याचं बिल अजून ट्रेझरीत गेलं नाही, त्यातला तो दिवस काढून टाका. आणि सही बजरंगची घ्या. गाडी त्याने परस्पर नेली, आम्हाला माहीत नाही. कंत्राटी आहे. त्याला चौकशीबिकशी काही नसते.”

व्यंकट उभाच होता. बजरंगला चौकशी नसते, हे त्यालाही माहीत होतं. कंत्राटी माणसाला फक्त उद्यापासून येऊ नको असं फोनवर सांगतात, तेही एजन्सीचा पोरगा सांगतो.

“तो तुमचं ऐकतो,” साहेब म्हणाले. “झेरॉक्स द्यायला वीस दिवस आहेत.”

त्या वीस दिवसांतले अकरा व्यंकटने नुसते घालवले. जेवण जाईना. शिपाई लखोटा घेऊन व्हरांड्यातून चालला की तो उठून जीपच्या आडोशाला जाई. फोन वाजला की तो आधी नंबर वाची, मग वाजून वाजून बंद पडू देई. अणदूरच्या राहत्या घरी पुतळाबाई दोन दिवस बघत होती, तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं, बजरंगच्या सहीचं सोडून. नंतर तेही सांगितलं.

पुतळाबाई तांदूळ निवडत होती.

“त्याची पोरं केवढी हायेत?” तिने विचारलं.

“एक धाकटी शाळंत जाते. थोरली बारावीला.”

“आन् आपली कामाला लागलेली,” ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली. ती होय म्हणाली की नाही, हे व्यंकटला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

बाराव्या दिवशी, रविवारी, लॉगबुक कापडी पिशवीत घालून तो मोटारसायकलवर जळकोटला गेला. कार्यालयाची वही अशी घरी नेणं हीदेखील चूकच होती. हायवेवर मागून येणारी प्रत्येक गाडी आपल्यासाठीच हॉर्न देते आहे असं त्याला वाटत राहिलं. पिशवी त्याने पोट आणि टाकी यांच्यामध्ये दाबून धरली होती.

बजरंग घरी नव्हता. त्याची बायको हर्षाली ओट्यावर कपडे वाळत घालत होती.

“ऐतवारी कुठलं घरी असत्यात, काका? साहेबांच्या सासरच्यांना तुळजापूरला घेऊन गेल्यात. बसा, येतीलच.”

व्यंकट ओट्यावर बसला. चहा झाला. आणखी एकदा चहा झाला. मांडीवर पिशवी होती, आणि मध्येच त्याच्या ध्यानात आलं की आपण ती हिंमतरावांसारखीच दोन्ही हातांनी धरली आहे. त्याने ती बाजूला ठेवली. मग कोणी उचलेल या भीतीने परत मांडीवर घेतली.

चार वाजून गेल्यावर बजरंग आला. त्याने तोंडावर पाणी मारलं आणि समोर पायरीवर बसला. व्यंकटने सांगायला सुरुवात केली, पण जे घोकून आणलं होतं ते उलटसुलट झालं. शेवटी त्याने वही उघडून रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

“हितं तुझी सही पाहिजे.”

बजरंगने ओळ वाचली. “हे तर सोलापूरचं लग्न. तुमी गेलता.”

“व्हय.”

“आन् सही माझी.”

व्यंकटने बोट चौकोनावरून काढून घेतलं.

“माझ्याकडं आलाव, कारण माझं जाण्यासारखं कायच न्हाय. बरोबर हाय की, काका.” बजरंगचा आवाज चढला नव्हता. “तुमचं तीस वर्साचं जातंय. माझं काय, लई झालं तर उद्याचा दिवस.”

हर्षाली दारात येऊन उभी राहिली होती. बजरंगने तिच्याकडे बघितलं, मग व्यंकटच्या खिशातला पेन स्वतःच काढून घेतला. पेनचं टोपण उघडून तो थांबला.

“वार कोणता व्हता?”

“ऐतवार.”

बजरंगला हसू आलं. इतकं मोकळं हसू, की हर्षालीलाही काय झालं ते कळेना. त्याने मोबाइल काढला. एजन्सी दिवस खाते म्हणून तो दर महिन्याच्या हजेरीपटाचा फोटो काढून ठेवत असे. फेब्रुवारीचा पट त्याने व्यंकटपुढे धरला. त्याच्या नावापुढे चार चौकोन लाल शाईने भरले होते, चारही रविवार. साप्ताहिक सुट्टी.

“अकरा वर्सांत म्या एकबी ऐतवार काम केलेलं न्हाय, काका. कागदावर बघा. केलं आसतं तर पैसं द्यावं लागलं आसतं ना. साहेबांचीच सही हाय खाली, त्यांनी परमाणित केलंय. आता मी हितं सही केली तर ह्यो कागद म्हणतोय मी घरी व्हतो, आन् तुमची वही म्हणती मी सोलापुरात. कुठला खोटा म्हणणार?”

व्यंकट पटाकडे बघत राहिला. आज सकाळपासून हा माणूस साहेबांच्या सासरच्यांना फिरवत होता, आणि एप्रिलच्या पटावर आजचाही चौकोन लाल होणार होता, किलोमीटर नेहमीसारखे सोमवारच्या ओळीत जाणार होते.

“करू का सही? मला काय,” बजरंगने विचारलं.

व्यंकटने पेन परत घेतला. वही मिटून पिशवीत घातली.

पुढे जे झालं त्याला कोणी धाडस म्हणू नये. व्यंकटनेही कधी म्हटलं नाही. सोमवारी सकाळी तो कार्यालय उघडायच्या आधी जाऊन व्हरांड्यात बसला आणि हिशेब करत राहिला. बजरंगची सही घेतली तर दोन कागद एकमेकांना खोटं पाडणार, आणि दोन्ही कागदांच्या मध्ये आपलं हस्ताक्षर. नुसती आपली सही करून सास्तूर तसंच ठेवलं तर फोटो खोटं पाडणार. एक खोटं लिहिल्याबद्दल जेवढी भीती वाटत होती, तिच्यापेक्षा दुसरं लिहायची जास्त वाटली. त्याने वही गुडघ्यावर घेतली. चौकोनात आपली सही केली. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, ‘सदर दिवशी वाहन मा. साहेबांच्या तोंडी आदेशावरून सोलापूर येथे नेले. सास्तूर व जळकोटची नोंद चुकीची आहे.’ खाली त्या दिवशीची, एप्रिलमधली, तारीख टाकली. मागची तारीख टाकायचाही विचार येऊन गेला होता.

शिवानंदने ते वाचलं आणि आधी उठून दार लोटलं.

“काका, ह्याची झेरॉक्स गेली की संपलं.”

“कुणाचं?”

शिवानंदने खांदे उडवले. “पत्र निघंल तेव्हा कळंल.”

पत्र मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याहून आलं. खुलासा सादर करावा. त्यात दोन नावं होती. पहिलं चालकाचं, दुसरं अधिकाऱ्याचं. कृष्णराज साहेबांनी व्यंकटला बोलावणं बंद केलं. चौकशी नसल्याचं प्रमाणपत्र त्यांच्या टेबलावरून हललं नाही. फेब्रुवारीचं भत्त्याचं सगळंच बिल ट्रेझरीत न जाता परत खाली आलं, खरे तास आणि खोटे दौरे एकाच टाचणीत. नागपूरला केस गेली ती ‘चौकशी प्रस्तावित’ असा शेरा घेऊन. म्हणजे तात्पुरती पेन्शन. ग्रॅच्युइटी नंतर. नंतर म्हणजे कधी, हे सांगायला शिवानंदच्या कपाटात कुठलाच कागद नव्हता. बजरंगची नोकरी मात्र टिकली. त्याला कोणी काही विचारलंच नाही, कारण तो त्या दिवशी सुट्टीवर होता.

शेवटच्या कामाच्या दिवशी शाल, नारळ आणि बुद्धाची तसबीर देऊन निरोप झाला. साहेब बैठकीला जिल्ह्याला गेले होते, एसटीने. दोन जणांनी भाषणं केली, दोघांनीही चौकशी हा शब्द टाळून व्यंकटच्या विनाअपघात सेवेचं कौतुक केलं. निवृत्त माणसाला कार्यालयाच्या गाडीने घरी सोडायची रीत आहे. व्यंकटने स्वतः अशी चाळीसएक माणसं घरी सोडली होती. बजरंगने जीप पायरीशी लावली आणि डावीकडचं दार उघडून धरलं.

“आज साहेबावानी बसायचं, काका.”

व्यंकट बसला. गाडी गावाबाहेर पडली. त्याचे डोळे रस्त्यावर राहत नव्हते, पुन्हा पुन्हा मीटरकडे जात होते. शेवटचा आकडा फिरत होता. अणदूरचा फाटा दिसू लागल्यावर त्याने विचारलं, “हे काय लिहिणार?”

“काय काय लिहिणार?”

“लॉगबुकात. आजचं.”

बजरंगने खांदे उडवले. “वही आता शिवानंद लिहितोय. टाकंल कुठलं तरी गाव.”

“थांबीव.”

“घर अजून लांब हाय, काका. ऊन बघा.”

“हायवेनं तुला जळकोटला जायचंच हाय पाहणीला, आजच्या दौऱ्याच्या कागदात बघितलंय म्या. हितवर सरकारी काम धरता येतंय. आत घराकडं वळला की न्हाय. थांबीव.”

जीप फाट्यावर थांबली. व्यंकटने आधी नारळ उतरवला, मग तसबीर, मग स्वतः उतरला. बजरंग इंजिन चालू ठेवून बसला होता. व्यंकटने खिडकीतून आत वाकून मीटरचा आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि शाल डोक्यावर घेऊन मेच्या उन्हात चालायला लागला.