पडल्याचं निमित्त

सत्यवतीचं अंग दुखायचं, आणि सर्वण गावात ते कुणाला पटत नव्हतं. रक्त तपासून झालं, मानेचा आणि कमरेचा एक्स-रे झाला, डॉक्टरांनी कागद वरखाली करून "सगळं नॉर्मल" म्हणून सांगितलं, आणि हा नॉर्मल तिच्या आधी घरी पोचला. धाकटी जाऊ दिपाली भिंतीपलीकडेच राहायची. "वयनी, सगळें नॉर्मल आसा न्ही? बरें जालें," एवढंच ती म्हणाली. पण त्या 'बरें'चा अर्थ सत्यवतीला पुरेपूर कळला. पुढे कुणाच्या कार्याला खोबरं वाटायची वेळ आली की "सत्यवतीक सांगूं नाकात, तिचें आंग दुखतां," असं कुणीतरी हटकून म्हणायचं आणि बाकीच्या पदराआड हसायच्या.

दुखणं तरी कसलं? आज खांदा, उद्या मांड्या, परवा सगळंच. रात्रभर झोपून उठलं तरी अंग दिवसभर भात लावल्यासारखं. ओला कपडा पिळायला घेतला की मनगटापासून मानेपर्यंत कळ जायची. नवरा गुरुदास वाईट माणूस नव्हता. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाण बंद पडल्यावर दुसऱ्याचा टेम्पो चालवू लागला. पण ट्रक बिघडला तर कुठला भाग गेला ते दिसतं, बदलता येतो. बायकोचं काय बिघडलंय ते त्याला दिसत नव्हतं. "उठ गो, मातशी हालचाल कर," म्हणायचा आणि कामाला निघून जायचा.

शेवटी म्हापशाला एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी कागद बाजूला सारले, सत्यवतीला ठिकठिकाणी दाबून पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. दुखणं खरं आहे, म्हणाल्या. नसा आणि मेंदू मिळून दुखण्याची खबर वाढवून देतात, म्हणून रिपोर्टात काही सापडत नाही. मग त्या विचारत गेल्या. मोठा ताप आला होता? आला होता, चिकुनगुन्याचा. झोप लागते? सासू सरस्वतीबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा गेलेली झोप, त्या वारल्या तरी परत आली नव्हती. मनाला काही लागलं होतं? त्यावर सत्यवती खाली बघत राहिली. आईला असं काही? कोरगावची आई कमरेला फडकं बांधून काजू गोळा करायची, दुखतंय म्हणायची, आणि घरातले ऐकून सोडून द्यायचे. कधी पडलात, मार लागला?

"पडल्ली," तोवर गप्प बसलेला गुरुदास म्हणाला. "स्कूटरीवयल्यान. हांवूंच चलयतालों."

यातल्या एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. कधी तापामागून सुरू होतं, कधी अपघातामागून, कधी मनावरच्या ताणामागून; काहींच्या घराण्यात असतं, काहींना काहीही न घडता होतं. गुरुदासच्या कानावर यातलं अक्षरही गेलं नाही. तो अजून त्या वळणावरच होता. कोरगावहून परतताना सत्यवती म्हणत होती, आज इथंच राहूया. त्याला घाई. वळणावर खडी पसरलेली, स्कूटर घसरली. त्याला खरचटलंसुद्धा नाही, तिचा खांदा सुजला.

म्हापशाहून परतल्या दिवसापासून घरात नवलच झालं. गुरुदास न सांगता कपडे पिळू लागला. पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की स्वतः जाऊन पाव आणायचा, चहा ठेवायचा. तिच्या नजरेला नजर मात्र द्यायचा नाही. भेटेल त्याला सांगायचा, "म्हज्या हातान जालें तें." आणि गावाला एकदम सगळं समजलं. स्कूटरवरून पडलेली बाई म्हटल्यावर शंका कसली? दिपाली उसळीचं भांडं घेऊन आली. "वयनी, हें पयलींच सांगूंक जाय आशिल्लें," म्हणाली.

खरं ते सत्यवतीला एकटीला ठाऊक होतं. खांदा सुजला होता तो उतरला. बाकीचं दुखणं त्याच्या आधीचं, तापातून उठल्यापासूनचं, सासूची कूस बदलताना दात आवळून सोसलेलं. तेव्हा ती बोलली नव्हती, कारण घरात आजारी माणूस दुसरं होतं. आता बोलायचं तर मोठ्या मुश्किलीनं मिळालेलं निमित्त जाणार. लोक विश्वास ठेवतात याची तिला गोडी लागली होती. पण तिकडे नवरा झुरत चालला. त्याचं जेवण कमी झालं, स्कूटर ताडपत्रीखाली गेली, टेम्पोवरही तो नाइलाजानं बसायचा.

एका सकाळी तो म्हणाला, "सातेरीकडेन प्रसाद लावया. एकदां कळूं दी."

देवळात दिपालीही आली. गुरवानं देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं अगदी सरळ होतं, हिचं दुखणं हिच्या घोवाच्या हातून झालं काय? गुरुदास हात जोडून उभा होता. उजवी पडली तर हा माणूस उरलेला जन्म असाच उभा राहील, हे सत्यवतीला दिसलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"रावात," ती गुरवाला म्हणाली. "विचारूं नाकात. पडचे आदींच दुखतालें. म्हाका खबर आसा."

गुरव थांबला. दिपालीनं विचारलं, "मगीर कशान जालें गे, वयनी?"

"खबर ना. दोतोराकय खबर ना."

दिपालीचा चेहरा पूर्वीसारखा झाला. गुरवानं पाकळ्या काढून तबकात ठेवल्या. गुरुदास बाहेर जाऊन पायरीवर बसला.

त्या दुपारी तो भात मागून जेवला आणि गाढ झोपला. संध्याकाळी ताडपत्री काढून त्यानं स्कूटर पुसली. दुसऱ्या दिवशी भोंपू वाजला तेव्हा पावाला सत्यवतीच गेली. तिनं धुऊन ठेवलेल्या कपड्यांची बालदी विहिरीपाशी तशीच होती, आणि खिडकीतून नवऱ्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिला राग आला आणि रडूही आलं. चादर उचलून तिनं पिळायला घेतली, कळ मानेपर्यंत गेली, तशी चादर पुन्हा बालदीत टाकली.

"आयकतात न्ही?" तिनं हाक मारली. "पडिल्ल्यान न्हय. तरी दुखतां. हें पिळूंक येयात."

गुणगुणणं थांबलं. मग दार वाजलं. तो आला, चादरीचं एक टोक त्यानं धरलं आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "खंय दुखतां गो?"