केसरीनाथ नानांनी मारलेलं खत

केसरीनाथ भोईर यांचा लॉन या प्रकारावर पहिल्या दिवसापासून राग होता. अहो, गवतच ना ते! गुरांना घालायचं नाही, भारा बांधून विकायचं नाही, त्यावर बूड टेकायचीसुद्धा बंदी, आणि तरी रोज त्याला पाणी पाजा, दर पंधरवड्याला त्याची हजामत करा. पण करतात काय, पोटापाण्याचं काम तेच होतं. पडघ्याजवळच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसपुढे अर्धा एकर लॉन होतं, आणि त्याची देखभाल नानांकडे होती. छातीवरच्या ओळखपत्रावर 'गार्डन सुपरवायझर' असं छापलेलं होतं.

हे अर्धा एकर म्हणजे एकेकाळचं नानांचंच भाताचं खाचर. गोदामवाल्यांनी जमीन घेतली आणि घरटी एक नोकरी दिली. ती नानांनी स्वतःच धरली, मुलाला दिली नाही. का, तर निदान आपल्या जमिनीवर उभं तरी राहता येईल. नोकरी गेली तर वॉचमन गेटातून आत सोडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती भीती त्यांच्या पोटात कायमची बसली होती.

त्यांच्या हाताखाली ठकुबाई. अंबाडीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक वारली पाडा आहे, तिथली. वय पन्नाशीचं, बोलणं अगदी मोजकं. मशीन-बिशीन काही नव्हतं तेव्हा. ही बाई उकिडवी बसायची आणि विळ्यानं कापत कापत पुढे सरकायची. दुपारपर्यंत अर्धं लॉन असं एकसारखं व्हायचं की ऑफिसातली माणसं चहाचे कप घेऊन बाहेर येऊन बघत उभी राहायची. सात वर्षं तिनं हे केलं. नाना सगळ्यांना सांगायचे, "हिच्या हाताला गुण हाय." तेच नाना, बरं का!

मे महिन्यात मुंबईहून बडे साहेब येणार अशी वर्दी आली. उन्हानं लॉन जरा फिकटलं होतं. ऑफिसच्या मॅनेजर मनाली मॅडम, वयानं लहान पण कामाला कडक, म्हणाल्या, "नाना, गुरुवारपर्यंत एकदम हिरवंगार पाहिजे हं." नाना म्हणाले, "तुम्ही बघाच मॅडम." घरी युरियाची अर्धी गोण पडून होती. रविवारी ठकुबाईची सुट्टी. नाना सकाळीच आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कमरेला फडक्याची ओटी बांधली, तीत युरिया भरला, आणि भाताला मारतात तसा एकेक पाऊल टाकत मुठीनं फेकत गेले. पाऊल टाकायचं, हात फिरवायचा. चाळीस वर्षांची सवय ती, हात आपोआप चालत होता. जुन्या खाचरात उतरल्यासारखं वाटून त्यांनी मूठ जरा सढळच ठेवली.

आता भातात घोटाभर पाणी असतं. युरिया पडला की विरघळला. इथे कुठलं पाणी? गवतावर नुसतं दव. दाणे पात्यांना चिकटून बसले. वर पाणी मारायचं तर वीज गेलेली, मोटर बंद. "उद्या सकाळी मारू," म्हणत नाना घरी गेले. दिवसभर मे महिन्याचं ऊन त्या दाण्यांवर तापलं.

बुधवारी लॉन जागोजागी करपलं. हिरव्यात तपकिरी डाग, तेही अर्धगोल, एकामागे एक. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांचा आवाज चढला. "हे काय आहे? कुणी केलं हे?" वॉचमन, ड्रायव्हर, हमाल सगळे गोळा झालेले. ठकुबाई विळा घेऊन उभी. नानांना कळलं होतं हो, बघताक्षणी कळलं होतं! पण समोर गेट दिसलं, आणि तोंडातून निघालं, "विळा मुळाशी लागला आसंल. लय खालून कापलंय."

एवढंच बोलले. ठकुबाईनं हातातल्या विळ्याकडे पाहिलं, मग करपलेल्या गवताकडे. वाद घालायला हवा होता तिनं, चार शब्द सुनवायला हवे होते. ती म्हणाली, "चुकलं आसंल मंग, नाना." सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आता आपण व्यवस्थित सर्व्हिसच लावू.

जूनमध्ये ठाण्याच्या एका सर्व्हिसचा माणूस आला. नाव सागर, बत्तीस-तेहतीसचा, टोपी आणि गमबूट घातलेला. टेम्पोतून चाकांचं मशीन उतरवलं, त्याचं पातं बोटानं तपासलं. बोलका गडी. म्हणाला, "काका, गवताचा एका वेळी तिसरा हिस्साच कापायचा, जास्त नाही. पातं बोथट असलं तर गवत कापत नाही, फाटतं, आणि मग शेंडे पिवळे पडतात. पाणी रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. दोन-तीन दिवसांनी द्यायचं, पण पहाटे आणि पोटभर, म्हणजे मुळं खाली जातात." नाना मान हलवत होते. मग सागर त्या डागांपाशी उकिडवा बसला.

"हे कापण्यानं झालेलं नाही काका," तो म्हणाला. "खालून कापलं तर सगळं एकसारखं पिवळं पडतं. इथे कुणीतरी मुठीनं खत फेकलंय. हे बघा, एक पाऊल, एक फेक. पुढचं पाऊल, पुढची फेक. आणि वरून पाणी दिलेलं नाही. शेतकरी असणार कुणीतरी." आणि तो आपल्याच बोलण्यावर हसला.

"आसंल," नाना म्हणाले, आणि चपलेतला खडा काढायच्या निमित्तानं खाली वाकले. चपलेत खडा नव्हता.

आता सांगा, तेव्हा तरी जाऊन बोलायचं की नाही? मॅडमची केबिन वीस पावलांवर होती. पण नाहीच गेले. वाईट माणूस नव्हता तो, भित्रा होता. आणि भित्र्या माणसाच्या हातून किती वाईट होऊ शकतं, हे त्याला स्वतःलाच दिसत होतं. पावसात डाग भरून आले. सागर दर पंधरा दिवसांनी यायचा, मशीन एकदा उभं, एकदा आडवं फिरवायचा. लॉन गालिच्यासारखं झालं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा नाना!" प्रत्येक वा-ला नानांना वाटायचं, कुणीतरी कानाखाली मारली. दुपारचा डबा ते लॉनकडे पाठ करून खायला लागले. घरात बायको म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? जेवताना मधेच घास हातात धरून बसता." ते म्हणाले, "दात दुखतो."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नाना अंबाडीच्या बाजारात गेले. रस्त्याकडेला ठकुबाईची सून बायडी कारली घेऊन बसली होती. नानांना बघून पुढे निघून जावंसं वाटलं, पण तिनंच हाक मारली. ठकुबाई कशी आहे, हे विचारणं भागच होतं.

"आई बरी हाय. पन विळा धरत न्हाय," बायडी म्हणाली.

"विळा धरत न्हाय म्हंजे?"

मग बायडीनं सांगितलं. त्यांच्या पाड्याची रीत अशी की डोंगरावरचं गवत कापायला काढलं की पहिली मूठ गुणाच्या हातानं कापायची, मग बाकीच्यांनी माळावर उतरायचं. पंधरा वर्षं तो हात ठकुबाईचा होता. यंदा ती म्हणाली, माझा हात जळका झाला, साहेबाचं हिरवं गवत जाळलं मी, आता पाड्याचं जाळू काय? आणि ती असताना दुसरं कुणी पुढे होईना. गवत वाळून आडवं पडायला लागलं, व्यापाऱ्याचा ट्रक दोनदा विचारून गेला. "समदा पाडा अडून बसलाय, नाना," बायडी म्हणाली.

नानांनी कारली घेतली आणि पिशवी तिथेच विसरून आले.

सोमवारी सकाळी ते सरळ केबिनमध्ये गेले. "मॅडम, मे महिन्यात लॉन ठकुबाईनं जाळलं नाही. मी जाळलं. युरिया मी मारला आणि नाव तिचं घेतलं. मला काढायचं तर काढा." त्यांनी गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. "अहो नाना, मे महिन्यातलं काय घेऊन बसलात? घाला ते गळ्यात. लॉन छान आहे ना आता?"

"पण ठकुबाईला परत..."

"सर्व्हिसचा वर्षाचा करार आहे. पुढच्या वर्षी बघू. चहा घेणार?"

झालं! ज्या गोष्टीसाठी पाच-सहा महिने घास गिळला नाही, एका बाईच्या हातातला विळा सोडवला, तिची किंमत एक चहा. शिव्या तरी द्यायच्या होत्या! नाना बाहेर येऊन पायरीवर बसले आणि त्यांना स्वतःची इतकी किळस आली की डोळ्यांत पाणी आलं. मग उठले, स्कूटर काढली आणि पाड्याचा रस्ता धरला.

ठकुबाई अंगणात वाल निवडत होती. त्यांना बघून लगबगीनं उठली, बाज टाकली, पाणी दिलं. गोदामाचे नाना आलेत म्हटल्यावर चार घरांतली माणसं जमली. बरं झालं, नानांना वाटलं. खोटं चारचौघांत बोललो, खरंही चारचौघांतच बोलू.

"ठकुबाई, तुझा हात चांगला हाय गो. गवत मी जाळलं. कोरड्यात युरिया फेकला, पाणी दिलं नाय. मंग घाबरलो आन् तुझं नाव घेतलं. देवाशपथ सांगतो."

ठकुबाई त्यांच्याकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या तोंडावर हसू आलं. माया असलेलं हसू.

"त्यासाठी इतक्या लांब आलाव, नाना?"

"अगो, खरं सांगतोय मी!"

"तुमचं खाचर व्हतं ते," ती म्हणाली. "आपल्या खाचराला कोन जाळंल? मना बरं वाटावं म्हनून समदं तुमच्या अंगावर घेताव."

"मानूस लय मोठ्या मनाचा," पाड्यावरचा म्हातारा मंगळ्या मान डोलवत म्हणाला. नानांनी पुन्हा सांगितलं, हात जोडून सांगितलं, दव, वीज, मोटर, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकी माणसांच्या नजरेतली माया वाढायला लागली. पाच-सहा महिन्यांपूर्वी एक वाक्य बोलले होते, ते हिनं निमूट पदरात घेतलं. आणि आता घसा कोरडा पडेस्तोवर बोलत होते, तर एक शब्द कुणाला पटत नव्हता.

ठकुबाई घरात गेली आणि विळा घेऊन आली. "आलाव तर आमचं एक काम करा. पयली मूठ तुमी कापा. तुमचा हात गुनाचा, मन पन साफ हाय."

"नको गो. ह्याच हातानं..."

पण माणसं उठलीसुद्धा होती. बायका विळे शोधायला लागल्या, पोरं पुढे पळाली. इतके दिवस अडून बसलेला पाडा एकदम हलला होता. आता नाही म्हणावं तर आणखी किती दिवस गवत पडून राहणार? नानांना ओढतच सगळे माळावर घेऊन गेले. त्यांनी वाकून मूठभर गवत धरलं आणि विळा फिरवला. गवत चटकन कापलं गेलं.

"बघा, म्हनलं नव्हतं!" ठकुबाई आनंदानं ओरडली. सगळे माळावर पसरले, विळे चालू झाले. नाना तिच्याकडे वळले आणि विळा तिच्यापुढे धरला. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"मना नको, नाना. मी भारं बांधते," ती म्हणाली, आणि इतरांनी कापलेलं गवत गोळा करायला गेली.